पुसले म्हणजे गेले असे नाही

गेल्या महिन्यात एका दुपारी दारात एक ताई येऊन उभ्या राहिल्या. वय पन्नाशीच्या पुढचे. हातातल्या पिशवीतून त्यांनी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात ठेवलेली एक फ्लॉपी काढली. सव्वापाच इंची, काळी, पापडासारखी लवणारी. वरच्या चिठ्ठीवर निळ्या शाईत ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘आई’.

‘‘सर, तुम्ही पूर्वी टिळकवाडीत कॉम्प्युटर क्लास चालवत होता ना? बाबा यायचे तुमच्याकडे. खानापूर तालुक्यात शाळेवर होते.’’

अक्षर पाहताच मी ओळखले होते. गुरुजींचे अक्षर विसरण्यासारखे नव्हतेच. आणि ती फ्लॉपी विसरण्यासारखी असूनही मी विसरलो नव्हतो. त्या ताईंना मी ‘‘बसा’’ म्हटले, चहा सांगितला, पण जे सांगायला हवे होते ते काही त्या दिवशी सांगितले नाही. वाचकहो, आजच्या लेखात ते आधी सांगून टाकतो.

१९९३ सालच्या जानेवारीतली गोष्ट. क्लासमध्ये तीन यंत्रे होती. आयबीएमने १९८३ साली आणलेल्या एक्सटी जातीच्या संगणकाच्या या देशी नकला, ६४० किलोबाइट स्मृतीच्या. निवृत्त झालेले गुरुजी रोज संध्याकाळी यायचे आणि कोपऱ्यातल्या तिसऱ्या यंत्रावर बसायचे. त्यांना नोकरी करायची नव्हती की दुकानाचे हिशेब मांडायचे नव्हते. आपल्या आईने सांगितलेल्या आठवणी त्यांना लिहून ठेवायच्या होत्या. आमच्या यंत्रांवर देवनागरी नव्हती, म्हणून रोमन अक्षरांत मराठी लिहायचे. एका बोटाने, पण चिकाटीने. एक प्रकरण पुरे झाले की ते फ्लॉपीवर उतरवून घ्यायचे. अशी चार प्रकरणे झाली होती.

५ जानेवारीला मंगळवारी सकाळी पहिले यंत्र सुरू केले, तर पडद्यावर इंग्रजीत हुकूम आला : ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करा. तो होता ‘जोशी’ व्हायरस. १९९० साली भारतात प्रथम आढळलेला हा व्हायरस दरवर्षी ५ जानेवारीला स्वतःचा वाढदिवस साजरा करून घेई. शुभेच्छा टाइप केल्याशिवाय यंत्र पुढे हलत नसे. आज हसू येते, पण त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला. कर्ज काढून घेतलेली यंत्रे. मुलांच्या फिया आगाऊ घेतलेल्या.

मी काय केले? सापडेल ते पुसत सुटलो. तिन्ही यंत्रांच्या हार्डडिस्क फॉरमॅट केल्या. कपाटातल्या सगळ्या फ्लॉपी एकेक करून घातल्या आणि सगळ्या फाइली पुसण्याची आज्ञा दिली. संगणक दरवेळी विचारत होता, खात्री आहे का? मी दरवेळी ‘वाय’ दाबत होतो. त्यात ‘आई’ लिहिलेली फ्लॉपीही गेली. वर तीच कोरी झालेली फ्लॉपी दुपारच्या एका मुलाला सरावासाठी दिली.

संध्याकाळी गुरुजी आले. मी म्हणालो, ‘‘व्हायरस आला होता गुरुजी, सगळं पुसावं लागलं.’’ ते थोडा वेळ उभे राहिले. ‘‘बरं,’’ म्हणाले, फ्लॉपी मागून घेतली आणि गेले. नंतर ते क्लासला आले नाहीत.

त्यांची ती फ्लॉपी आता माझ्या टेबलावर होती. ताई म्हणाल्या, ‘‘बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. कपाट आवरताना ही सापडली. यात काही उरलंय का बघाल? माझ्या आजीचं माहेरचं नाव आम्हाला कुणालाच ठाऊक नाही. बाबांनी लिहिलं होतं एवढं ठाऊक आहे.’’

माळ्यावर मी एक एक्सटी ठेवलेला आहे. दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत घरून त्यावर शेरे ऐकावे लागतात. तो खाली उतरवला. हार्डडिस्क केव्हाच मेलेली, पण फ्लॉपीची दोन्ही खणे चालू. पुतण्या लॅपटॉप मांडीवर घेऊन कौतुकाने बघत होता. ‘‘काका, याला कुठलं सॉफ्टवेअर टाकणार? यावर काही चालेल तरी का?’’

चालते. ‘डीबग’ चालतो.

डीबग हा एमएस-डॉसबरोबर फुकट येणारा छोटासा प्रोग्राम. टिम पॅटरसन या अमेरिकन अभियंत्याने १९८० साली सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीत ८६-डॉस लिहिली, तिच्यासोबत हाही लिहिला. १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ८६-डॉस विकत घेतली, तिचीच एमएस-डॉस झाली आणि आयबीएमच्या पहिल्या पीसीबरोबर डीबग जगभर पोचला. माझ्याकडच्या ३.३ आवृत्तीत तो जेमतेम सोळा किलोबाइटांच्या घरात आहे. आज मोबाइलवर येणाऱ्या ‘सुप्रभात’च्या एका चित्राला यापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते.

दिसायला तर काहीच नाही. सुरू केला की पडद्यावर एक आडवी रेघ येते, बस्स. पुढे आपण एकेक अक्षर द्यायचे. ‘डी’ दिले की स्मृतीत काय आहे ते दाखवतो. ‘ई’ने बदलता येते, ‘यू’ने यंत्राची भाषा जरा वाचता येईल अशी मांडून मिळते, ‘टी’ने प्रोग्राम एकेक पाऊल चालवून पाहता येतो, ‘एल’ने डिस्कवरचा हवा तो भाग उचलता येतो आणि ‘डब्ल्यू’ने लिहिता येतो. चुकलात तर चुकल्या जागेखाली एक टोपी काढून ‘एरर’ म्हणतो. समजावणे नाही, सल्ला नाही. जुन्या काळच्या गवंड्याच्या ओळंब्यासारखा आहे. दोरी आणि वजन, पण भिंत सरळ की वाकडी ते नेमके सांगतो.

त्याची मोठी सोय म्हणजे तो एकदा स्मृतीत चढला की त्याला दुसरे काही लागत नाही. डॉसची फ्लॉपी खणातून काढून घेतली तरी तो चालू राहतो. हार्डडिस्क नसलेल्या यंत्रावर याचे मोल फार.

कामाला लागण्यापूर्वी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे गुरुजींच्या फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद केली. सव्वापाच इंची फ्लॉपीची खाच झाकली की यंत्राला तिच्यावर लिहिता येत नाही. डीबगमध्ये वाचायची आज्ञा आणि लिहायची आज्ञा यांत फक्त एका अक्षराचा फरक असतो. माझ्या बोटांवर माझा एकदा विश्वास उडालेला आहेच. दुसरी म्हणजे खणातली डोकी आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून घेतली. जुनी फ्लॉपी मळक्या डोक्याखाली फिरवणे म्हणजे रेशमी साडी दगडावर आपटणे.

आता थोडे गणित. भिऊ नका. संगणक सोळाच्या हिशेबात मोजतो. नऊनंतर दहाला ‘ए’, अकराला ‘बी’, असे पंधराला ‘एफ’ आणि मग सोळाला ‘१०’. आमच्या क्लासमधल्या मुलांना हे शिकवताना घाम फुटायचा, पण गुरुजींना पहिल्याच दिवशी कळले होते. ते म्हणाले, ‘‘म्हणजे सोळा आण्यांचा रुपया की!’’ अगदी तसेच. ‘१सी’ म्हणजे एक रुपया बारा आणे, एकूण अठ्ठावीस आणे. १९५७ साली दशमान नाणी आली आणि हा हिशेब आपण विसरलो. संगणकाने तो जपून ठेवला.

३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर ७२० सेक्टर असतात, प्रत्येकात ५१२ बाइट, म्हणजे ५१२ अक्षरे. क्रमांक शून्यचा सेक्टर यंत्र सुरू करण्यासाठी. १ ते ४ मध्ये कुठली जागा कुणाला दिली त्याचा तक्ता, तोही दोन प्रतींत. ५ ते ११ या सात सेक्टरांत फाइलींच्या नावांची यादी. १२ पासून पुढे प्रत्यक्ष मजकूर, तोही दोन-दोन सेक्टरांच्या गठ्ठ्यांत.

फाइल पुसली की डॉस काय करते? मजकूर पुसत बसत नाही. तक्त्यात ती जागा मोकळी म्हणून मांडते आणि यादीतल्या नावाचे फक्त पहिले अक्षर खोडून तिथे ‘ई५’ हा आकडा ठेवते. घराच्या दारावरची पाटी खरवडली, पण माणसे अजून घरातच आहेत. दुसरे बिऱ्हाड येऊन राहीपर्यंत ती तिथेच राहतात.

आधी शून्य क्रमांकाचा सेक्टर उचलला. तिथे जोशी बसला असेल अशी माझी खात्री होती. हा व्हायरस यंत्राच्या स्मृतीत जागा असेल तर विचारणाऱ्याला खरा सेक्टर न दाखवता आधीचा चांगला सेक्टर दाखवून फसवतो. पण मी यंत्र माझ्या स्वच्छ, खाच झाकलेल्या फ्लॉपीवरून सुरू केले होते, त्यामुळे जे दिसेल ते खरेच असणार होते.

सेक्टर स्वच्छ होता. सुरुवातीला एमएस-डॉस ३.३ ची खूण, मध्ये ‘ही सिस्टिम डिस्क नाही’ हा ओळखीचा इंग्रजी संदेश, शेवटी ५५ आणि एए ही जोडी. ओळ न् ओळ माझ्या चांगल्या फ्लॉपीशी ताडून पाहिली. फरक नाही.

म्हणजे गुरुजींच्या फ्लॉपीला व्हायरस लागलेलाच नव्हता. कोपऱ्यातले ते यंत्रही बहुधा निर्मळच असावे. आणि लागलेला असता तरी माझा उपाय चुकीचाच होता. हा व्हायरस फाइलींत नव्हे, सुरुवातीच्या सेक्टरात राहतो. फाइली पुसून तो जात नाही, आणि हार्डडिस्कवरून तर साध्या फॉरमॅटनेही जात नाही. एल, १००, १, ०, १. एवढी एक ओळ मला त्या सकाळी टाइप करता आली असती, तर चार प्रकरणे वाचली असती. डीबग तेव्हाही माझ्या कपाटात होता. मी मुलांना त्यातून आठ बाइटांचा प्रोग्राम लिहायला शिकवत होतो, पडद्यावर एक ‘ए’ उमटवण्यासाठी. परीक्षेला येते म्हणून. स्वतःच्या घराला आग लागली असताना विहीर आठवली नाही.

पुतण्या म्हणाला, ‘‘काका, थांबलात का?’’ मी पुढची आज्ञा दिली.

यादीत पहिल्या जागी त्या सरावाच्या मुलाची फाइल होती. पाढ्यांचा बेसिकमधला प्रोग्राम, सुमारे २३०० बाइटांचा. डॉसने त्याला यादीतली पहिली मोकळी जागा दिली होती, म्हणजे गुरुजींच्या पहिल्या प्रकरणाची. पण खालच्या तीन ओळी जशाच्या तशा होत्या. सुरुवातीला ‘ई५’ आणि पुढे उरलेली अक्षरे, आई-दोन, आई-तीन, आई-चार.

प्रत्येक नावाची ओळ बत्तीस बाइटांची असते. तिच्या शेवटच्या सहा बाइटांत फाइल कुठल्या गठ्ठ्यापासून सुरू होते आणि किती लांब आहे ते असते. आई-दोन दहाव्या गठ्ठ्यापासून, लांबी ‘१एफ४०’, म्हणजे आठ हजार बाइट. गठ्ठ्यांची मोजणी २ पासून होते, म्हणून दहातून दोन वजा, त्याची दुप्पट, त्यात बारा मिळवायचे. आले अठ्ठावीस. तेच ते एक रुपया बारा आणे. गुरुजी प्रत्येक प्रकरण पूर्ण झाल्यावरच उतरवत, त्यामुळे मजकूर सलग असणार हा माझा अंदाज. अठ्ठाविसाव्या सेक्टरापासून सोळा सेक्टर मागितले आणि ‘डी’ दाबले.

उजव्या बाजूच्या रकान्यात रोमन अक्षरांतले मराठी सरकू लागले. भाताची लावणी, नंदगडचा बाजार, घरी मराठी आणि शेतावरच्या बायकांशी कानडी. एका बोटाने टाइप केलेले.

मूळ फ्लॉपीवर काही दुरुस्त करायचा मोह टाळला. स्मृतीत आलेला मजकूर दुसऱ्या खणातल्या कोऱ्या फ्लॉपीवर उतरवला. ‘एन’ने नाव दिले, ‘आर’ने सीएक्स या खणात लांबी भरली, ‘डब्ल्यू’ दाबले. डीबगने लिहिलेल्या बाइटांचा आकडा सांगितला. आई-तीनही असाच आला. आई-चारमध्ये एक सेक्टर अडला. सोळा एकदम मागितले की सगळ्यालाच नकार येई, म्हणून एकेक मागितला. अडलेला सेक्टर डोके पुन्हा पुसून पाचव्या खेपेला वाचला गेला.

राहिले पहिले प्रकरण. त्याच्या सुरुवातीवर पाढे लिहिले गेले होते. पण २३०० बाइटांना पाच सेक्टर पुरतात. गठ्ठे दोन-दोनचे असल्याने डॉसने त्याला सहा दिले होते, आणि सहाव्याला त्या प्रोग्रामचा हातच लागला नव्हता. तिथपासून पुढचे अकरा सेक्टर शाबूत. गेले ते पाच सेक्टर, म्हणजे सुमारे अडीच हजार अक्षरे, वहीची दीड-दोन पाने. ते कुठलाही डीबग आणू शकत नाही. पुसलेले परत येते, पण ज्याच्यावर दुसरे लिहिले गेले ते येत नाही.

रात्री अकराला माझ्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर सगळे छापले. शेजारच्यांनी दुसऱ्या दिवशी विचारले, ‘‘काल काय करवत चालवत होता?’’

ताई रविवारी आल्या. कागद हातात देण्यापूर्वी मी त्यांना सगळे सांगितले. जोशी, वाय दाबणे, पाढे, आणि फ्लॉपी स्वच्छ होती तेही. सांगताना मान वर झाली नाही.

त्या म्हणाल्या, ‘‘बाबांना ठाऊक होतं सर, तुम्ही घाबरला होता ते. घरी येऊन म्हणाले होते, पोरगा पार भेदरला होता, त्याला काय बोलायचं.’’ मग थांबून म्हणाल्या, ‘‘पण तुम्ही एकदा घरी यायला हवं होतं. त्यांनी नंतर परत लिहायला घेतलं होतं, वहीत. डोळ्यांनी साथ दिली नाही.’’

यावर मला उत्तर नव्हते. आजही नाही.

मग त्या तिथेच बसून वाचू लागल्या. पहिल्या प्रकरणाची सुरुवात अर्ध्या वाक्यापासून होते, जन्माची आणि बालपणाची हकिकत गेलीच आहे. माझी आशा तिथेच संपली होती. पण तिसऱ्या प्रकरणात, नंदगडच्या बाजारात गुरुजींच्या आईला तिच्या माहेरची कोणी बाई भेटते आणि गर्दीतून तिला लहानपणीच्या नावाने हाक मारते, असा प्रसंग आहे. ताई त्या ओळीवर थांबल्या. बोटाने ती ओळ पुन्हा वाचली. चष्मा काढून पदराने पुसला. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्या घरचे आहे.

जाताना त्यांनी फ्लॉपी त्याच पाकिटात परत ठेवली. खाचेवरची चिकटपट्टी तशीच राहू द्या, एवढे मी सांगितले.

वाचकहो, तुमच्याही कपाटात अशी एखादी फ्लॉपी असेल. तिच्यावर काही नाही असे यंत्र म्हणाले तरी फेकू नका. सव्वापाच इंची असेल तर खाच झाका. साडेतीन इंची असेल तर उलट, कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवा. बुरशी दिसत असेल तर खणात घालूच नका. नवी फाइल तर मुळीच उतरवू नका, नाही तर तुमच्या आठवणींवर कुणाचे तरी पाढे बसतील. शक्य असेल तर आधी संपूर्ण फ्लॉपीची प्रत काढा आणि प्रयोग प्रतीवर करा. आता ग्रीझविझलसारखी छोटी उपकरणे मिळतात, ती जुना ड्राइव्ह आजच्या संगणकाला जोडून फ्लॉपीवरची चुंबकीय खूण जशीच्या तशी टिपतात.

डीबग स्वतः मात्र आता दिसेनासा झाला आहे. ३२-बिटी विंडोजमध्ये तो शेवटपर्यंत होता, ६४-बिटीत नाही. पण १९९४ मध्ये जिम हॉल यांनी सुरू केलेल्या फ्रीडॉसमध्ये त्याच धर्तीचा डीबग मिळतो. एमएस-डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा मूळ मजकूरही २०१४ साली अमेरिकेतल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममार्फत खुला झाला आहे. ज्यांच्या घरी उत्साही मुले आहेत त्यांनी तो जरूर उघडून पाहावा.

पुतण्याने आता माझा एक्सटी माळ्यावर परत चढवू दिलेला नाही. सोळाचे पाढे मात्र त्याला माझ्याकडूनच शिकावे लागत आहेत.